शुभवर्तमान : कैसराचे आणि ख्रिस्ताचे

(संस्थेच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : मार्ककृत शुभवर्तमान रोमी साम्राज्याच्या काळात ठेवून वाचणे. हे ऐकून काहींच्या मनात आले असेल की हा सेमिनरीच्या वर्गातला विषय. वसतिगृहाचे छप्पर आणि बालवाडीचा खर्च यांवर बोलायच्या दिवशी रोमचा कैसर कशाला? मी बरीच वर्षे नवा करार शिकवतो आहे, तेव्हा ही शंका मला नवी नाही. पण आपण ज्या कामासाठी जमलो आहोत, त्याच्या मुळाशीच हा विषय आहे असे मला वाटते. आपण म्हणतो, आम्ही गरिबांकडे सुवार्ता घेऊन जातो. मग ‘सुवार्ता’ हा शब्द त्या काळी कोण वापरत होते, कोणासाठी वापरत होते आणि मार्काने तो उचलून कोणाला लावला, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

शब्द कोणाचा?

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. आपण ज्याला ‘शुभवर्तमान’ म्हणतो त्याला मूळ शब्द ‘एव्हांगेलियोन’ आहे. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. लढाई जिंकली, गादीवर नवा राजा बसला, राजघराण्यात मूल जन्मले, की त्या खबरेला हा शब्द लावत.

आजच्या तुर्कस्तानात प्रियेने नावाच्या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. तिथे इ.स.पू. ९ मधील एका ठरावाचा कोरीव लेख सापडला. आसिया प्रांताच्या सभेने ठरवले की औगुस्त कैसराचा वाढदिवस, म्हणजे २३ सप्टेंबर, हा यापुढे वर्षाचा पहिला दिवस धरावा. ठरावात कैसराला देव आणि तारणारा म्हटले आहे. त्याच्या जन्मदिवसापासून जगाला शुभवर्तमानाचा आरंभ झाला, अशा अर्थाचे कारण तिथे दिले आहे. त्याच्या नाण्यांवर ‘देवाचा पुत्र’ अशी पदवी असे, कारण त्याला दत्तक घेणारा ज्युलियस सीझर मेल्यानंतर रोमच्या सभेने त्याला देव म्हणून जाहीर केले होते.

आता मार्काचे पहिले वाक्य आठवा. आरंभ, शुभवर्तमान, येशू ख्रिस्त आणि, बहुतेक जुन्या हस्तलिखितांप्रमाणे, देवाचा पुत्र. चारही गोष्टी एका ओळीत येतात. त्या काळच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाच्या कानाला हे शब्द ओळखीचे होते. नवे होते ते फक्त नाव. नासरेथचा एक सुतार, तोही वधस्तंभावर मारला गेलेला.

शब्दाला दुसरेही मूळ आहे, ते विसरून चालणार नाही. बंदिवासातल्या इस्राएलाला देव सोडवायला येतो आहे, अशी आनंदाची बातमी यशया संदेष्ट्याने सांगितली होती, आणि मार्क लगेच पुढच्या ओळीत यशयाचेच नाव घेतो. म्हणजे एका हाताने तो कैसराच्या दरबारातला शब्द घेतो आणि दुसऱ्या हाताने बंदिवानांच्या आशेतला.

बहुतेक अभ्यासक या शुभवर्तमानाचा काळ इ.स. ७० च्या आसपासचा मानतात. यहूद्यांनी इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध बंड केले होते. ते मोडण्यासाठी आलेला सेनापती व्हेस्पेशियन इ.स. ६९ मध्ये स्वतःच कैसर झाला. त्या वेळी शहराशहरांतून शुभवर्तमान म्हणून उत्सव झाले, यज्ञ झाले, असे यहूदी इतिहासकार जोसीफस लिहितो. आणि तो हाच शब्द वापरतो. त्याच व्हेस्पेशियनने आलेक्सांद्रियात थुंकी लावून एका आंधळ्याला दृष्टी दिली, अशी कथा रोमी इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी, इ.स. ७० मध्ये, त्याच्या मुलाने, टायटसने, यरुशलेम जाळले. गादीवर बसलेल्याचे शुभवर्तमान आणि जळालेल्या शहराची राख, या दोहोंच्या मध्ये बसून मार्क लिहितो आहे.

राज्यकर्त्यांचे शब्द

मार्काचे ग्रीक साधे आहे, बोलल्यासारखे. पण त्यात मध्येच लॅटिन शब्द येतात, म्हणजे रोमी सरकारच्या भाषेतले. ते कोणते आहेत पाहा : पलटण, शताधिपती, दिनार, कर, फटके मारणे, सुभेदाराची कचेरी, शिरच्छेद करणारा शिपाई, आणि सर्वांत हलके तांब्याचे नाणे. शताधिपतीसाठी मत्तय आणि लूक ग्रीक शब्द वापरतात. मार्क मात्र शिपायांच्या तोंडचा लॅटिन शब्दच ठेवतो.

हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. आपण मराठीत आई, भाकर, पाऊस, दुःख हे शब्द आपले वापरतो. पण फौज, महसूल, जप्ती, वसुली, कैद, हुकूम हे शब्द फारसीतून आले आणि वॉरंट, कोर्ट, पोलीस, स्टॅम्प हे इंग्रजीतून. ज्यांनी राज्य केले त्यांचे शब्द भाषेत कुठे मुरतात, तर करात, नाण्यात, फौजेत आणि शिक्षेत. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही जकातदार, सुभेदार आणि शिपाई आलेच. तेव्हा मार्क वाचताना हे शब्द दिसले की समजावे, इथे सरकारचा हात गरिबाच्या अंगाला लागला आहे.

गालीलाला तो हात चांगला ठाऊक होता. येशूच्या जन्माच्या सुमारास, इ.स.पू. ४ मध्ये, थोरला हेरोद मेल्यावर गालीलात बंड झाले. सूरियाचा रोमी अधिकारी व्हारस फौज घेऊन आला. नासरेथपासून जेमतेम सहा किलोमीटरवर सेफोरिस शहर आहे. ते जाळले गेले आणि तिथल्या लोकांना गुलाम करून नेले. व्हारसने त्या मोहिमेत सुमारे दोन हजार माणसे वधस्तंभावर दिली, असे जोसीफस नोंदवतो. नासरेथच्या घरांतून या गोष्टी मुलांच्या कानावर पडल्या नसतील असे होणार नाही.

पुढे हेरोद अंतिपाने सरोवराच्या काठी नवी राजधानी वसवली आणि तिबिर्य कैसराच्या नावावरून तिचे नाव तिबिर्या ठेवले. १९८६ साली दुष्काळात सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात त्या काळची एक मासेमारीची होडी सापडली. लांबी सुमारे आठ मीटर. तपासणीत दिसले की तिच्यात दहाहून अधिक जातींची लाकडे आहेत. जुन्या होड्यांच्या फळ्या काढून, मिळेल तो तुकडा ठोकून ती वर्षानुवर्षे चालवलेली होती. एकीकडे कैसराच्या नावाची राजधानी आणि त्याच पाण्यावर ठिगळे लावलेली होडी. पेत्र आणि आंद्रिया या पाण्यावरून उठून प्रभूच्या मागे गेले.

दोन जेवणावळी

आता सहावा अध्याय उघडा. मार्काने इथे दोन जेवणे शेजारी शेजारी ठेवली आहेत.

पहिले जेवण हेरोदाच्या वाड्यातले. वाढदिवसाची मेजवानी आहे. पाहुण्यांची यादी मार्क नीट देतो : दरबारी, लष्करी सरदार आणि गालीलातले बडे लोक. मार्क हेरोदाला ‘राजा’ म्हणतो. खरे पाहता रोमने त्याला ती पदवी कधी दिलीच नव्हती. तो रोमच्या मर्जीवरचा मांडलिक होता. पुढे इ.स. ३९ मध्ये त्याने राजा ही पदवी मागितली तेव्हा कैसराने त्याचा मुलूख काढून घेऊन त्याला गॉल देशात हद्दपार केले. असा हा राजा. मुलीच्या नाचावर खूष होतो, पाहुण्यांसमोर शब्द देऊन बसतो आणि अब्रू जाऊ नये म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर तबकात घालून आणवतो. त्या मेजवानीत वाढले गेलेले शेवटचे ताट ते.

दुसरे जेवण रानातले. पाहुण्यांची यादी नाही, निमंत्रण नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक आहेत, आणि प्रभूला त्यांचा कळवळा येतो. शिष्य हिशेब सांगतात, दोनशे दिनारांच्या भाकरी लागतील. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, म्हणजे सहा-सात महिन्यांची मजुरी झाली. प्रभू विचारतो, तुमच्यापाशी काय आहे ते पाहा. पाच भाकरी, दोन मासे. लोक हिरव्या गवतावर पन्नास-पन्नास, शंभर-शंभरच्या पंगतीत बसतात. सगळे पोटभर जेवतात आणि बारा टोपल्या उरतात.

रोमी सरकार गरिबांना काहीच देत नव्हते असे नाही, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. औगुस्ताच्या काळात रोम शहरातल्या सुमारे दोन लाख नागरिकांना सरकारी धान्य फुकट मिळत असे, आणि त्याचा अभिमानाने उल्लेख औगुस्ताने स्वतःच्या कारकिर्दीच्या वृत्तान्तात केला आहे. पण ते धान्य मोठ्या प्रमाणात इजिप्त आणि आफ्रिकेच्या खळ्यांवरून कर म्हणून उचललेले होते. एकाच्या खळ्यावरून न्यायचे आणि दुसऱ्याला आपल्या नावाने वाटायचे. रानातल्या पंगतीत तसे काही नव्हते. जे होते ते त्या लोकांच्यातलेच होते. प्रभूने ते हातात घेतले, देवाचे उपकार मानले आणि मोडून त्यांनाच परत दिले.

मदत करणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने हा अध्याय वर्षातून एकदा तरी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचावा, असे मी सुचवतो.

‘सैन्य’ नावाचा दुष्टात्मा

पाचव्या अध्यायात प्रभू सरोवरापलीकडे गरसेकरांच्या प्रदेशात जातो. तिथे कबरांमध्ये राहणारा एक माणूस आहे. त्याला साखळदंडांनी बांधून ठेवत, तो ते तोडत असे आणि रात्रंदिवस ओरडत स्वतःला दगडांनी ठेचून घेत असे. प्रभू त्या आत्म्याला नाव विचारतो. मराठीत आपण ‘सैन्य’ असे वाचतो. मूळ शब्द आहे ‘लेगियोन’, म्हणजे रोमी फौजेची पाच-सहा हजारांची पलटण. हा लॅटिन शब्द त्या प्रदेशातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. पुढे यरुशलेम जाळून तिथेच तळ देऊन राहिलेल्या दहाव्या पलटणीच्या निशाणांमध्ये रानडुकराचे चित्र होते. मार्काचे पहिले वाचक ‘लेगियोन’ आणि ‘डुकरे’ हे दोन शब्द एकाच गोष्टीत ऐकत होते. तो आत्मा विनवतो की आम्हांला या मुलखाबाहेर घालवू नको. मुलूख सोडायला तयार नसलेली पलटण!

ही गोष्ट केवळ रूपक आहे असे मी म्हणत नाही. एका खऱ्या माणसाची खरी पीडा आहे, आणि प्रभूने त्याला खरोखर मोकळे केले. पण त्या माणसाच्या पीडेला त्याच्या मुलखाच्या पीडेचेच नाव पडले होते, एवढे मार्क आपल्याला ऐकवतो. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची सत्ता चालते, त्यांच्यातली माणसे कधी कधी दगड उचलतात तो स्वतःवरच. दारूने उद्ध्वस्त झालेल्या पाड्यावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे मी अधिक सांगायला नको.

एका पाड्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी हा भाग वाचून दाखवला होता. वाचून झाल्यावर एक म्हातारी आजी म्हणाल्या, “बाबा, ती डुकरं कुणाची होती?” मी म्हटले, “शास्त्रात मालकाचे नाव नाही.” त्या म्हणाल्या, “मालक असणारच. दोन हजार डुकरं राखणाऱ्यांची नसतात. म्हणून तर त्यांनी देवाला जायला सांगितलं.” आयुष्यभर दुसऱ्याची जनावरे राखलेल्या बाईने हे पाहिले. एक माणूस शुद्धीवर येऊन, कपडे घालून शांत बसला आहे, आणि गावाला मोजदाद आहे ती बुडालेल्या डुकरांची. माणूस बरा झाला तर कोणाचे तरी नुकसान होते, आणि मग बरे करणाऱ्याला हद्दीबाहेर जायला सांगितले जाते. आपल्या सेवकांना वीटभट्टीवरच्या उचलीचा हिशेब मागितल्यावर जो अनुभव येतो, तो याच जातीचा आहे.

गोष्टीचा शेवट मिशनच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बरा झालेला माणूस प्रभूबरोबर होडीत बसायला पाहतो. प्रभू त्याला बरोबर घेत नाही. तो त्याला घरी, त्याच्या लोकांकडे पाठवतो आणि देवाने काय केले ते तिथे सांगायला लावतो. मार्काच्या पुस्तकात दकापलीसच्या दहा शहरांना पहिला साक्षीदार मिळतो तो असा, त्यांच्यातलाच, त्यांच्या बोलीत बोलणारा. प्रभूने त्याचे लोक त्याच्यापासून तोडले नाहीत.

नाणे कोणाचे, माणूस कोणाचा?

बारावा अध्याय. कैसराला कर द्यावा की नाही? प्रश्न सापळ्याचा होता. इ.स. ६ मध्ये यहूदीया थेट रोमच्या ताब्यात गेला, खानेसुमारी झाली आणि गालीलकर यहूदाने या कराविरुद्ध बंड केले. द्यावा म्हटले तर लोक तुटतात, देऊ नये म्हटले तर राजद्रोह. प्रभू एक दिनार मागवून घेतो. स्वतःजवळ नाही, विचारणाऱ्यांच्या जवळून मागवावा लागतो, हे लक्षात घ्या.

तिबिर्याचा दिनार चांदीचा, वजनाला चार ग्रॅमच्या आत. एका बाजूला कैसराचा मुखवटा आणि भोवती लेख : तिबिर्य कैसर, दैवी औगुस्ताचा पुत्र. दुसऱ्या बाजूला मुख्य याजक ही पदवी. हे नाणे आपल्याला परके नाही. त्या शतकात रोमी व्यापाराची जहाजे मिरी, मलमल आणि मोत्यांसाठी आपल्या देशात येत होती. आपले सोपारा आणि कल्याण त्या काळच्या ग्रीक प्रवासपुस्तकात नोंदलेले आहेत. औगुस्ताचे आणि तिबिर्याचे दिनार दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात, मडकी भरभरून सापडले आहेत. प्रभूने हातात घेतले तसले नाणे आज चेन्नईच्या संग्रहालयात पाहता येते.

प्रभू विचारतो, ही प्रतिमा कोणाची? उत्तर येते, कैसराची. मग ते त्याला परत करा; आणि जे देवाचे ते देवाला द्या. आपण बहुधा इथे थांबतो आणि म्हणतो, झाले, धर्म वेगळा आणि राज्य वेगळे. पण समोरच्या यहूद्यांना ‘प्रतिमा’ या शब्दाने उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवल्याशिवाय राहिला नसता. देवाची प्रतिमा कशावर आहे? माणसावर. तेव्हा चांदीचा तुकडा कैसराला जाऊ द्या. माणूस मात्र त्याचा नाही. त्याच्यावर त्याचा ठसा नाही.

ही कसोटी फार लांबपर्यंत जाते. आदिवासी माणूस सरकारी योजनेचा ‘लाभार्थी’ होण्याआधी, जंगल खात्याचा ‘अतिक्रमणदार’ होण्याआधी, भट्टीमालकाचा मजूर होण्याआधी देवाच्या प्रतिमेचा आहे. आणि आपल्या अहवालातल्या आकड्याच्या आधीही. त्याचा फोटो छापून वर्गणी गोळा झाली म्हणून तो आपला होत नाही.

विजययात्रा

इ.स. ७१ मध्ये व्हेस्पेशियन आणि टायटस यांनी रोममध्ये विजययात्रा काढली. यरुशलेमच्या मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष मिरवला गेला. रोममधल्या टायटसच्या कमानीवर ते दृश्य आजही कोरलेले आहे. बंडाचा एक पुढारी, शिमोन बार गियोरा, याला दोरी बांधून मिरवले आणि मिरवणुकीच्या शेवटी ठार मारले.

आता पंधरावा अध्याय वाचा. कचेरीत सगळी तुकडी गोळा होते. जांभळे वस्त्र, डोक्यावर मुगुट, जयजयकार, मग रस्त्याने मिरवत कवटीच्या जागेपर्यंत. तिथे उजवीकडे एक आणि डावीकडे एक. काही अभ्यासक दाखवून देतात की ही सगळी मांडणी कैसराच्या विजययात्रेसारखी आहे. शिपाई थट्टा करत होते. पण मार्क ती थट्टा अशा रीतीने सांगतो की वाचणाऱ्याला खरा राजा दिसतो. उजव्या-डाव्या जागा याकोब आणि योहान यांनी मागितल्या होत्या. त्या जागांवर बसले दोन ‘लुटारू’. हा शब्द रोमविरुद्ध हत्यार उचलणाऱ्यांनाही लावत. जोसीफस बंडखोरांना सर्रास लुटारूच म्हणतो.

सत्तेला आपल्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसांना नाव ठेवण्याची घाई असते. आपल्या देशात ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने अनेक जमातींची मुले जन्मतःच गुन्हेगार ठरवली. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो शिक्का कागदावरून पुसला गेला. मनांतून पुसायला किती वेळ लागतो आहे ते आपण पाहतोच. प्रभू मेला तो अशा शिक्का बसलेल्यांच्या मध्ये.

त्याला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस कोण? वधस्तंभासमोर उभा असलेला रोमी शताधिपती. ही पदवी ज्याच्या मालकाच्या नाण्यावर होती, त्याच शिपायाने ती मेलेल्या गालीलकराला दिली. पुस्तकाची पहिली ओळ इथे पुरी होते.

आपल्यासाठी काय?

कोणी विचारील, मग येशू राजकीय बंडखोर होता का? मार्क तसे म्हणत नाही. लोकांनी बरब्बा मागितला, आणि तो तर बंडातलाच होता. प्रभूने तलवार उचलली नाही. जकातदार लेवीच्या घरी तो जेवला आणि शताधिपतीच्या तोंडून त्याने साक्ष घेतली. त्याने सत्तेचा अर्थच उलटा केला. दहाव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो, की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण करतात; तुमच्यात तसे होऊ नये. जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचे दास व्हावे.

आपल्यापुरत्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली आपल्या इतिहासाची. १८१३ साली गोर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. सुवार्ता आणि साम्राज्य एकच नव्हते, हे आपण सांगू शकतो. पण पुढे मिशनची कामे त्याच राज्याच्या सावलीत वाढली, हेही खरे. १८७८ च्या वन कायद्याने ज्यांचे जंगल राखीव झाले, त्यांना कलेक्टर, जंगल साहेब आणि मिशन साहेब एकाच घोड्यावरून आल्यासारखे दिसले असतील, तर दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. आज आपण जीपने जातो तेव्हा कोणासारखे दिसतो, हे पाड्यावरच्या लोकांना विचारावे. वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन आपला सेवक त्यांच्याबरोबर कचेरीच्या पायरीवर बसतो, तेव्हा तो कोणासारखा दिसतो, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट दानाची. रोमी जगात दान करणाऱ्याचे नाव दगडावर कोरत आणि त्याला ‘उपकारकर्ता’ ही पदवी देत. लूक सांगतो, की प्रभूने या पदवीचेच नाव घेऊन शिष्यांना सावध केले. आपल्या वसतिगृहांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. देणाऱ्यांविषयी कृतज्ञ राहावेच. पण त्या खोलीत राहणाऱ्या मुलीला रोज सकाळी कोणाचे नाव वाचत उठायचे आहे, याचा विचार व्हावा. विधवेच्या दोन टोल्यांवर आपण दानाच्या रविवारी उपदेश करतो. मिळून त्यांची किंमत एका दिनाराचा चौसष्टावा भाग. त्या गोष्टीच्या अगदी आधी प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो, आणि लगेच नंतर त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगतो. म्हणून तिची गोष्ट सांगताना तिच्या उदारपणाबरोबर हेही विचारायला हवे, की तिच्याजवळ दोनच टोल्या कशा उरल्या. आपल्या संस्थेने मदत वाटताना हा दुसरा प्रश्न सोडू नये. ताटात भात वाढणे हे काम आहेच. खळे कोणी रिकामे केले हे विचारणे तेवढेच आपले काम आहे. आणि हे विचारण्यासाठी आपल्या कार्यकारिणीत पाड्यांवरची माणसे बसलेली हवीत, पाहुणे म्हणून नव्हे, निर्णय घेणारी म्हणून.

एक विनंती करून थांबतो. मार्काचे सोळा अध्याय मोठ्याने वाचायला साधारण दीड-दोन तास लागतात. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक मंडळीने ते एकदा, एका बैठकीत, वाचावेत. जमेल तिथे पाड्यावर, तिथल्या लोकांबरोबर. वाचताना नाणे, फौज, कर, मेजवानी, भूक हे शब्द आले की थोडे थांबावे आणि त्यांना काय दिसते ते ऐकून घ्यावे. मला माझ्या ग्रंथांतून न मिळालेला प्रश्न डुकरे राखणाऱ्या एका आजींनी दिला.

या पुस्तकाच्या शेवटी कबरेजवळ आलेल्या स्त्रियांना निरोप मिळतो. तो तुमच्या आधी गालीलात जात आहे. तिथे तुम्हांला दिसेल. रोमचे नाव नाही, यरुशलेमचेही नाही. ठिगळे लावलेल्या होड्यांच्या त्या किनाऱ्याकडे तो पुढे गेला आहे. आपण त्याला पाड्यांवर घेऊन जात नाही, बंधुभगिनींनो. तो तिथे आधीच पोहोचला आहे. आपल्याला तिथे जाऊन त्याला ओळखायचे आहे.

प्रभू या कामाला आणि ते करणाऱ्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.